साडूचे गुडघे

साडूचे गुडघे दुखायचे आणि मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खोटं लिहायची जास्त वाटेल, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकतो. तो गाडीच्या केबिनमधून उतरायचा, शेवटच्या पायरीवर थांबून दोन्ही गुडघे तळहातांनी चोळायचा आणि दोन-चार पावलं वाकडी टाकून मग सरळ चालायला लागायचा. "दाजी, गुडघं लई धरायलेत ओ," असं मलाच येऊन सांगायचा. मी मनात म्हणायचो, धरू देत. एवढ्या मऊ सीटवर बसून ज्याचे गुडघे धरतात, त्याने खुशाल उसाच्या फडात परत जावं.

ती सीट माझी होती.

आमचं काम काय ते आधी सांगतो, म्हणजे एका सीटसाठी माणूस एवढा का जळतो ते कळेल. नगरच्या दक्षिणेला, रेल्वेच्या कडेला मालाचं एक टर्मिनल आहे. (बोर्डावर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) तिथून समुद्राचा वारासुद्धा लागत नाही, तरी जहाजांची इंजिनं तिथेच उतरतात. लांबच्या कारखान्यातून ती रेल्वेने येतात, क्रेनने आमच्या ट्रेलरवर ठेवली जातात, आणि तिथून पुढे गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत, जिथे जहाजं बांधतात तिथपर्यंत, आम्ही ती रस्त्याने पोचवतो. एक इंजिन म्हणजे दुमजली घर समजा. ज्यांनी आयुष्यात जायकवाडीच्या धरणापेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नाही, अशी आमची सात-आठ माणसं जहाजाला त्याचं इंजिन नेऊन देतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा समुद्राकडे बघायचंही विसरलो, ट्रेलर मागे घ्यायच्या नादात.

हा ट्रेलर ओढते ती गाडी म्हणजे पुलर. पुलर चालवणाऱ्याचा मान वेगळा असतो. पुढे लाल झेंड्याची जीप, मागे चालणारी माणसं, वर विजेच्या तारा बांबूने उचलून धरणारे दोघे, हे सगळे त्या एकाच्या अंदाजावर चालतात. गाडी माणसाच्या चालीने जाते. गावात शिरली की शाळेची पोरं भिंतीवर चढतात, दुकानदार बाहेर येतात, म्हातारी माणसं खाटेवरून उठून बघतात, आणि सगळ्यांची नजर फिरून फिरून शेवटी केबिनमध्ये बसलेल्या माणसावर येते. अकरा वर्षं ती नजर माझ्यावर यायची. तिची सवय लागते.

अशा गाडीत सीट ही साधी गोष्ट नसते. बारा-बारा तास बसायचं, आणि त्यातला अर्धा वेळ पाय क्लचवर. मी उंचीने बेताचा. हा पुलर नवा आला तेव्हा महिनाभर एकेक खाच पुढेमागे करून मी सीट माझ्यापुरती नेमकी लावली, आणि सीट सरकवायच्या दांड्याला सुतळीने करकचून गाठ मारली. केबिन पुसायला चढणाऱ्या कुणी तो हलवू नये म्हणून. माझ्या त्या गाठीची सगळे चेष्टा करायचे. बायकोला कळलं तेव्हा ती म्हणाली, "घरात कधी कपड्याची दोरी नीट बांधली न्हाई तुमी."

मग डोळ्यांत मोतीबिंदू आला. दोन्ही. टर्मिनलच्या फाटकावर ड्रायव्हरांची डोळ्यांची तपासणी होते, तिथे मला वरून तिसऱ्या ओळीच्या पुढे वाचता येईना. आमचे शेठ वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, डोळे करून घ्या, तोवर तुमचे साडू बसतील गाडीवर, घरचंच माणूस आहे.

घरचंच माणूस. तेच तर सगळं दुखणं होतं. परका असता तर मी दोन शिव्या हासडून मोकळा झालो असतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. खर्ड्याकडचा, कोरडवाहू मुलखातला. त्याचे आई-वडील दसरा झाला की कोयते घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसतोडीला जायचे, त्यामुळे त्याचं बालपण निम्मं पाचटाच्या कोपीत गेलेलं. मी नेवाशाकडचा, कॅनॉलच्या पाण्यावर वाढलेला. सासरवाडीत मी मोठा जावई, पहिलं ताट मला, टॉवेल-टोपीचा मान आधी मला. तो आला तेव्हा ताडासारखा उंच, हसरा, आणि खायला असा की सासूबाईंनी दोनदा पीठ मळलं. मला त्याचं तेव्हा कौतुकच वाटलं होतं. हेवा कुणाचा करायचा असतो तर आपल्यापेक्षा वरच्याचा, आणि तो माझ्यापेक्षा वर येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

त्याला या धंद्यात मीच आणला. तो विशीच्या आतच उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागला होता, मागे दोन ट्रॉल्या जोडून. ज्याने दोन ट्रॉल्या मागे घेतल्या आहेत त्याला विचारा, एक डावीकडे जाते तेव्हा दुसरी उजवीकडे पळते. याने ते कारखान्याच्या रांगेत शिकून घेतलं होतं. मी त्याला आमच्या ट्रेलरवर घेतलं, साखळ्या बांधायला शिकवलं, वळण कसं वाचायचं ते शिकवलं. एकदा टर्मिनलच्या आवारात गंमत म्हणून त्याला म्हटलं, घे मागं. मला वाटलं, अडकेल आणि सगळे हसतील. त्याने एका दमात घेतला. तो दिवस मला अजून टोचतो. मला ते काम जमायला दोन वर्षं लागली होती.

आणि आता आयत्या बिळावर नागोबा. ऑपरेशन, मग थेंब, मग दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, मग काळा चष्मा, असे चार महिने गेले. शेवटी शेवटी मी खेपेवर जायला लागलो, पण खाली, चालत्या माणसांत. केबिनमध्ये मात्र चार महिन्यांत एकदाही पाय ठेवला नाही. माझी म्हणून चढेन, नाहीतर चढणार नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं. खालून मला त्याचं डोकं आणि खांदे दिसायचे. स्टेअरिंगला छाती लावून, पुढे झुकून बसायचा, अगदी नवशिक्यासारखा. मी बाकीच्यांना म्हणायचो, बघा, साहेब कसा काचेला नाक लावून बसलाय, लोकांना चेहरा दिसला पाहिजे ना. ते हसायचे. मला तेवढंच सुख.

एक बदल मी मुद्दाम केला होता. आधी मी त्याला "अरे, इकडं ये" म्हणायचो. तो सीटवर बसल्यापासून मी "अहो पाव्हणं" म्हणायला लागलो, आणि "तुमी". आमच्याकडे जवळच्या माणसाला एकाएकी मान द्यायला लागलं की त्याला जे कळायचं ते कळतं. त्याला कळलं. पहिल्या दिवशी त्याने हातातला पेला तसाच धरून माझ्याकडे बघितलं. तो मात्र मला "दाजी" म्हणायचा तसाच म्हणत राहिला, पूर्वीपेक्षा जरा हळू आवाजात.

त्याच्यात खोड नव्हती असं नाही. फोनवर मोठ्याने बोलायचा, वळणावळणावर व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवायचा. ते स्टेटस घरी माझी बायको मला दाखवायची. "बघा, किती गर्दी जमलीय बघायला," ती म्हणायची. मी म्हणायचो, डोळ्यात थेंब घातलेत, दिसत न्हाई. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

डॉक्टरांनी शेवटी लिहून दिलं की दोन्ही डोळे उत्तम आहेत. मी तो कागद घेऊन शेठकडे गेलो. शेठनी तो नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "ही एक खेप त्याला करू द्या. नेहमीच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालंय, म्हणून या वेळी वळशाने इमामपूरच्या घाटातून जायचंय, आणि तो घाट त्याने भरल्या गाडीने अजून उतरवलेला नाही. नीट उतरवला तर त्यालाच ठेवतो. तुमचं वय झालं, तुम्ही खालची माणसं सांभाळा. नाही जमलं तर सीट तुमची." म्हणजे माझी सीट आता एका घाटावर आली होती. तो नीट उतरला की माझं संपलं.

खाली माझ्याकडे हातोडीचं काम होतं. आमच्यात एक रीत आहे, आणि ती मीच पाडलेली. ट्रेलरचं लोखंड आणि इंजिनाखालची चौकट यांच्यामध्ये जाड लाकडी फळ्या घालतात, कारण लोखंडावर लोखंड घसरतं, लाकूड धरून ठेवतं. वरून साखळ्या. चौकटीवरून फळीवर आणि फळीवरून ट्रेलरवर अशी खडूची एक सरळ रेघ मारायची. रेघ तुटली की समजायचं, माल हलला. घाटाच्या आधी एकाने हातोडी घेऊन फिरायचं, प्रत्येक साखळीवर ठोका द्यायचा. ताठ साखळी खणखणीत वाजते, ढिली असली की बद्द आवाज येतो. फळ्या बघायच्या, रेघा बघायच्या, आणि मग वॉकीटॉकीवर एकच शब्द म्हणायचा, "चला." तो शब्द आल्याशिवाय ड्रायव्हरने गाडी हलवायची नाही, आणि आल्यावर खाली उतरून खात्री करायची नाही. ड्रायव्हर उतरून बघायला लागला तर तो हातोडीवाल्याचा अपमान. अकरा वर्षं मी दुसऱ्याच्या "चला"वर घाट उतरवले, एकदाही मान बाहेर काढली नाही.

आम्ही टर्मिनलवरून निघालो आणि जेऊरच्या पुढे, घाटाच्या वरच्या अंगाला अडकलो. शनिवार, त्यात अमावस्या. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागलेली. पोलिसांनी सांगितलं, उद्या सकाळी घाट उतरा, आज ट्रेलर बाजूला घ्या. एका ढाब्याच्या मोठ्या आवारात आम्ही तो उभा केला. साडू कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून दर्शनाला गेला. जाताना म्हणाला, "दाजी, तुमच्या वाटंचं बी तेल वाहून येतो." मी म्हणालो, "वाहा पाव्हणं, तुमचं शनिमहाराज लवकर ऐकत्यात."

ट्रेलरची राखण माझ्याकडे होती. शनिवारी मी ट्रेलरच्या लोखंडाला चमचाभर तेल लावतो, माझी जुनी सवय. शनिवार आणि लोखंड, आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नवं लोखंड शनिवारी घरात कोण आणतो? तर मी ढाब्यावरून वाटीत तेल आणलं, पुढच्या कडेला चमचाभर सोडलं, हात जोडले. मागे वळलो तर पंधरा-वीस माणसं अनवाणी उभी. पायी शिंगणापूरला निघालेली, चहासाठी थांबलेली. त्यातल्या एका पोक्त बाईने इंजिनाकडे वर बघितलं. पावसापाण्याला म्हणून ते काळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं होतं, उभट, काळंभोर, उघड्यावर, खाली ट्रेलरचा चौथरा, डोक्यावर छप्पर नाही. ती काय बघत होती ते मला तिथेच कळलं.

"भाऊ, हे काय हाय?" तिने विचारलं.

"जहाजाचं इंजिन."

"लोखंडच ना?"

"समदं लोखंडच."

"मग महाराजांचंच की," ती म्हणाली आणि तिने आपल्या कॅनमधलं थोडं तेल ताडपत्रीच्या कडेला वाहिलं. "चालंल ना?"

आता हे नीट सांगायला हवं. चार महिन्यांत कुणी मला "चालेल ना?" असं विचारलं नव्हतं. मी "चालंल की" म्हणालो. मग दुसरा आला, तिसरा आला, गाड्यांमधले लोक उतरून आले. कुणी माझ्या पाया पडायलाही वाकला, मी त्याला वरच्यावर धरला. रांग लागली. "थोडं थोडं वाहा, सांडू नका," असं म्हणत मी बाजूला उभा राहिलो, पुजाऱ्यासारखा. पुढे जाऊन एका हौशी माणसाने शिडी लावून वरून अर्धा कॅन रिकामा केला, तेव्हाही मी फक्त हसून मान हलवली. सगळ्यांच्या नजरा पुन्हा माझ्यावर होत्या. ते तेल खाली कुठे जातंय इकडे माझी नजर नव्हती. नवे डोळे लावून घेतलेला माणूस मी.

ऊन कलल्यावर गर्दी गेली आणि मी वाकून बघितलं. पुढच्या अंगाच्या चार फळ्या काळ्या पडल्या होत्या. बोट लावलं, बोट चकाकलं. तेल चौकटीवरून ओघळून नेमकं फळीच्या खाली, ट्रेलरच्या लोखंडावर उतरलं होतं. लाकूड धरून ठेवतं ते कोरडं असेपर्यंत. हे मला माहीत होतं, मीच सगळ्यांना शिकवलं होतं. इलाजही माहीत होता: जॅक लावायचा, कोपरा उचलायचा, ओल्या फळ्या काढून कोरड्या घालायच्या, लोखंड पुसून राख-माती टाकायची. तीन-चार तासांचं काम. माणसांना हाक मारायची, एवढंच.

मी हाक मारली नाही.

पहिल्यांदा मला वाटलं, राखण माझी होती, शेठला काय सांगू? पण ते काही खरं कारण नव्हतं. खरं कारण जेवताना मनात आलं आणि मी ते हाकलून लावलं नाही, उलट त्याला बसायला जागा दिली. मला वाटलं, सरकावं थोडं. जास्त नाही. कुणाला लागावं असं नाही. शेठला फोन जाण्यापुरतं, घाटात गाडी अडण्यापुरतं. साखळ्या आहेत, त्या धरतील. उताराला इंजिन सरकतं ते पुढे, केबिनच्या दिशेने सरकतं, हेही मला माहीत होतं. मी भाकरीचा दुसरा चतकोर घेतला आणि जेवत राहिलो.

साडू दर्शनाहून आला, त्याने माझ्या हातावर पेढा ठेवला. "लई गर्दी हुती. तरी दोघांचं वाहून आलो," म्हणाला. मी पेढा खाल्ला.

रविवारी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर पोलिसांनी रस्ता मोकळा करून दिला. साडू केबिनमध्ये चढला. मी हातोडी घेऊन फिरलो. प्रत्येक साखळीवर ठोका दिला, सगळ्या खणखणीत वाजल्या. खडूच्या रेघा जागेवर होत्या. त्या चार फळ्यांपाशी आलो तेव्हा मी बघितलं नाही, म्हणजे बघितल्यासारखं करून पुढे गेलो. वॉकीटॉकी तोंडाशी धरला. तो खरखरला, साडूचा आवाज आला, "दाजी, सांगा." काचेतून त्याचं डोकं दिसत होतं, सरळ समोर बघणारं. त्याने मान बाहेर काढली नाही.

"चला," मी म्हणालो.

गाडी हलली. मी ट्रेलरच्या पुढच्या कोपऱ्याजवळून चालत होतो, नजर खडूच्या रेघेवर. नव्या डोळ्यांचं एक असतं, नको तितकं स्पष्ट दिसतं. उतार सुरू झाला. पहिल्या वळणापर्यंत रेघ सरळ होती. वळणावर त्याने ब्रेक लावला, अगदी हळू, जसा लावायचा तसाच, आणि माझ्यासमोर रेघेचा वरचा तुकडा खालच्या तुकड्यापासून सुटला. आधी बोटभर. मग दोन बोटं. आवाज काहीच झाला नाही. मला वाटलं होतं असं काही झालं तर मोठा आवाज होईल, आणि आवाजाच्या आधी मला थोडा वेळ मिळेल. एवढं थोरलं धूड तेलावरून गुपचूप निघालं होतं, आणि त्याच्या समोर काचेमागे एक डोकं होतं, ज्याला माझ्या बहिणीसारख्या मेव्हणीने कुंकू लावून पाठवलं होतं.

"थांब," मी ओरडलो. "थांब रे. हळू दाब. माल सरकतोय. एकदम दाबू नको, बाळा, हळू."

चार महिन्यांनी मी त्याला अरे म्हटलं. त्याने कसं थांबवलं ते मी सांगू शकतो, कारण ते काम माझं आहे: गियरवर गाडी धरली, श्वास सोडावा तसा वेग सोडत नेला आणि डोंगराच्या अंगाला चाकं टेकवून उभी केली. धक्का असा बसलाच नाही. मी असतो सीटवर तर याहून चांगलं केलं नसतं. हेही मला त्या क्षणी सुचलं, आणि तेव्हाही पोटात बारीक दुखलं. माणसाच्या जातीचं काय सांगावं.

चाकांना दगड लावले, ठोकळे लावले, जास्तीच्या साखळ्या टाकल्या. साडू उतरला, वाकून फळ्यांना हात लावला, बोट हुंगलं.

"तेल हाय," तो म्हणाला.

"काल लोकांनी वाहिलं. राखणीला मीच हुतो."

"कवा दिसलं तुमाला?"

"आत्ता," मी म्हणालो. "रेघ सुटली तवा."

एवढा एक शब्द. तो मी अजून परत घेतलेला नाही.

पुढचे चार तास आम्ही राख आणली, माती चाळली, कोपरा उचलून फळ्या बदलल्या. घाटात गाड्यांची रांग लागली. मधेच साडूने शेठना फोन लावला आणि माझ्या समोरच बोलला. "शेठ, दाजींनी वाचवलं. माज्या ध्यानातबी आलं नसतं. दोन बोटं सरकल्यालं लांबून दिसलं त्यांना. डोळं झ्याक झाल्यात त्यांचं. आता घाट त्यास्नीच उतरवू द्या." मग फोन माझ्याकडे दिला. शेठ म्हणाले, "बसा मग गाडीवर. सीट तुमचीच." मी बरं म्हणालो. जे हवं होतं ते मिळालं, आणि तेही शाबासकीसकट.

साडूने माझ्या हातातली हातोडी घेतली. मी चार महिन्यांनी पायऱ्या चढलो आणि सीटवर बसलो. त्या सहा फुटी माणसाने सीट पार मागे नेली असणार, म्हणून पाय लांब केले, आणि सवयीने हात खाली दांड्याकडे गेला.

हाताला सुतळी लागली.

मी वाकून बघितलं. माझीच गाठ होती. धुळीने काळी पडलेली, पण कुणी बोट न लावलेली. माझे पाय पॅडलवर नेमके टेकले होते, एक खाच इकडे नाही की तिकडे नाही. स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे प्लास्टिक घासून गुळगुळीत झालं होतं, गुडघे सतत लागून लागून.

खिडकीतून खाली बघितलं. तो हातोडी घेऊन ट्रेलरभोवती फिरत होता, किंचित लंगडत. प्रत्येक साखळीवर ठोका देत होता आणि कान लावून ऐकत होता. फळ्यांपाशी तो खाली बसला, एकेका फळीवरून हात फिरवला, रेघ बघितली, उठला, गुडघे चोळले.

"पाय लांब करायला सीट मागं का न्हाई घेतली रे?" मी वॉकीटॉकीवर विचारलं.

वॉकीटॉकी खरखरला. मग तो म्हणाला, "गाठ तुमची हुती की, दाजी. मी दुसऱ्याची गाठ कशाला सोडू?" आणि लगेच, कामाच्या आवाजात, "समदं बघितलं. चला."

मी मान बाहेर काढली नाही. गियर टाकला, आणि घाट उतरायला लागलो.